नकाशाचे शास्त्र आणि कामकरी माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. त्या पायंड्याचे सर्वांत मोठे ऋण माझ्यासारख्यांवर आहे. ज्यांचे शिक्षण शाळेच्या फळ्यापाशी थांबले आणि पुढचे सारे यंत्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, त्यांचे महाविद्यालय म्हणजे अशा व्याख्यानमालाच होत. तेव्हा विद्यापीठातील एका विभागाच्या उद्दिष्टांविषयी कामगार कार्यकर्त्याने बोलावे, यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. सार्वजनिक विद्यापीठे लोकांच्या पैशावर चालतात, आणि ज्याचा पैसा त्याने हिशेब विचारावा, हा आमच्या चळवळीचा पहिला धडा आहे.

विषयाचे नाव जरा लांबलचक आहे : स्थलमाहितीशास्त्र आणि अभियांत्रिकी. कोणी यालाच भूमाहितीशास्त्र म्हणतात, कोणी जी.आय.एस. म्हणून मोकळे होतात. नावाला भिऊ नये. एखादी गोष्ट कोठे आहे, केवढी आहे, तिच्या शेजारी काय आहे आणि तिच्यात काय बदल होत आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मोजून, नोंदून आणि पडताळून देणारे हे शास्त्र आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये साधनसंपत्तीच्या अभियांत्रिकीचे केंद्र १९७६ साली निघाले, तेथे हा विषय वाढला. पुण्यात सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्राची संस्था २००४ साली स्थापन झाली, आणि पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातही हे शिक्षण मिळते.

अशा विभागांची उद्दिष्टे पाहू गेल्यास ती थोड्याफार फरकाने चारच असतात. नवे ज्ञान मिळविणे, त्या ज्ञानावर चालणारी साधने बांधणे, ती साधने हाताळणारी माणसे तयार करणे, आणि समाजाच्या उपयोगी पडणे. हे चौथे उद्दिष्ट बहुधा शेवटी आणि मोघम लिहिलेले असते. माझे आजचे म्हणणे असे की, पहिल्या तिन्हींचे मोल या चौथ्यावरून ठरते, आणि ते ठरविण्याची जागा आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याइतकी चांगली दुसरी मिळणे कठीण. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

शास्त्र कोणते, अभियांत्रिकी कोणती?

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. हा रोग दूषित हवेने पसरतो, असे त्या काळचे बडे बडे वैद्य मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे कोठे आहेत याचा माग काढला, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेली आढळली. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला, आणि पुढे त्यांनी ते मृत्यू नकाशावर मांडून छापले. कोण मेले याच्या याद्या पुष्कळांजवळ होत्या. कोठे मेले, हा प्रश्न धरून बसणारा माणूस विरळा होता. हे झाले शास्त्र.

त्याच १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे कर्मचारी तयार करणारा एक वर्ग निघाला. रस्ते, पूल, कालवे उभारणाऱ्या माणसांचे ते शिक्षण. तोच वर्ग वाढत वाढत आजचे सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठ झाला. ही झाली अभियांत्रिकी. कोठे, हा प्रश्न विचारणारे डोके आणि तेथे काहीतरी उभे करणारा हात, ही दोन्ही एका छपराखाली आणणे हा या नव्या विभागाचा मूळ हेतू आहे.

यात संगणक शिरला तो १९६० नंतरच्या दशकात. कॅनडा सरकारला आपल्या अफाट जमिनीची प्रतवारी करावयाची होती. रॉजर टॉमलिन्सन यांनी ते नकाशे संगणकात घालून एकावर एक ठेवण्याची योजना उभी केली. कल्पना सोपी आहे. ड्रॉइंगच्या टेबलावर आपण एका कागदावर दुसरा पारदर्शक ट्रेसिंग कागद पसरतो, तसे हे थर समजावेत. एका थरावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर सर्व्हे नंबर, चौथ्यावर माणसांची वस्ती. एकेक कागद वेगळा पाहिला तर जे दिसत नाही, ते चारही एकावर एक ठेवले म्हणजे दिसू लागते. या शास्त्राची सारी ताकद त्या ठेवण्यात आहे. आणि कोणता थर ठेवला, कोणता टेबलाखाली सारला, यात त्याचे राजकारणही आहे.

मोजणीची सचोटी

पहिले उद्दिष्ट ज्ञानाचे. ज्ञान म्हणजे येथे आधी मोजणी. मोजणी चुकली तर काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. मोजणी सदोष, हाताखालच्या लोकांचा कारभार लाचखाऊ आणि सारा न झेपणारा. परिणामी इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेथेच नव्याने पाहणी केली आणि तिच्यातून मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी उभी राहिली. कागदावरच्या चुकीच्या रेघेने माणसे गावाबाहेर काढली, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात सांगितली पाहिजे.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साहेबांची नावे इतिहासात राहिली. ती साखळी उन्हातान्हात काट्याकुट्यांतून ओढणाऱ्या शेकडो गड्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण बांध-हद्दीचा आजचा आपला सारा व्यवहार त्यांच्या पावलांवर उभा आहे.

या मोजणीने शेत मोजले, कारण सारा शेतावर बसत होता. गावठाणातील घरांवर सारा नव्हता, म्हणून बहुतेक खेड्यांत गावठाण तसेच राहिले. शंभर वर्षांच्या वर लोक ज्या घरांत जन्मले आणि मेले, त्या घरांना नकाशा नव्हता. घर तारण ठेवून कर्ज काढावे तर कागद नाही. अलीकडे ड्रोन उडवून गावठाणे मोजण्याचा जो प्रयोग झाला, त्याची सुरुवातीची चाचणी पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना म्हणून ते काम देशभर हाती घेतले. यंत्र नवे आहे, पण धडा जुनाच आहे. मोजणारा आपल्याला जे हवे ते मोजतो. म्हणून काय मोजले याच्या आधी, कोणासाठी मोजले हे विचारावे.

आता अचूकपणाविषयी. यंत्रशाळेत काम केलेल्यांना हे चटकन पटेल. जॉबवर मार्किंग करताना आपण आधी एक बाजू साफ करून घेतो आणि सारी मापे त्याच बाजूपासून घेतो. तिला डेटम म्हणतात. एका भोकाचे माप या बाजूने आणि दुसऱ्याचे त्या बाजूने घेतले, तर दोन्ही मापे आपापल्या परीने बरोबर असूनही बोल्ट बसत नाही. पृथ्वीच्या मोजणीलाही असाच डेटम लागतो. लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासेजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून जी पद्धत वाढली, तिच्यात मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील एक बिंदू पायाभूत धरला गेला. उपग्रहांची मापे मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून धरतात. गावोगावचे महसुली नकाशे तर पुष्कळदा त्या त्या गावच्या खुणांपुरतेच मोजलेले. हा फरक न मिटविता जुना गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला, तर ओढा घरात शिरतो आणि रस्ता विहिरीवरून जातो. तो फरक मिटविण्याची विद्या शिकविणे हे विभागाचे काम आहे.

आपल्या खिशातला फोन ठिकाण सांगतो, ते वेळेच्या हिशेबावर. उपग्रह आपली वेळ सांगत राहतो. तो संदेश किती उशिराने पोचला यावरून अंतर निघते, आणि अशा चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निघते. प्रकाशाच्या वेगाने येणारा संदेश सेकंदाच्या दशलक्षांश भागात ३०० मीटर चालतो, यावरून घड्याळे किती काटेकोर लागतात ते ध्यानात यावे. इतके करूनही साध्या फोनची चूक उघड्या आकाशाखाली सुमारे ५ मीटर असते. रिक्षा बोलवायला ही चूक चालते. परंतु एक गुंठ्याच्या चौकोनी प्लॉटची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटरच्या आसपास. तेथे ५ मीटरची चूक म्हणजे अर्धा प्लॉट शेजाऱ्याच्या नावावर! सर्व्हे ऑफ इंडियाने उभारलेल्या कायम केंद्रांची मदत घेतली, तर हीच चूक काही सेंटिमीटरवर येते. कोणत्या कामाला कोणते माप, हे कळणे म्हणजेच शिक्षण. टर्नरला जो मायक्रोमीटरचा विवेक लागतो, तोच नकाशा करणाराला लागतो.

रेघेलाही जाडी असते, हे आपण विसरतो. १ : १०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर जमिनीवर तिची रुंदी ५ मीटर होते. त्या रेघेखाली एक अख्खी खोली सहज मावते. खोलीतला माणूस रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे पेन्सिलीच्या टोकावर ठरू नये.

रेषा आणि घर

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण असा हा पट्टा वाढत गेला. कारखान्यांना आखलेले भूखंड मिळाले, क्रमांक मिळाले, रस्ते मिळाले. कामगारांच्या घरांसाठी १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले. त्याने पेठा वसविल्या, आणि २०२१ साली ते विसर्जित झाले. पण येणाऱ्या माणसांचा लोंढा मोठा होता. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत १७ लाखांच्या वर लोक मोजले गेले. पेठांत न मावलेल्यांनी शेतकऱ्याकडून अर्धा गुंठा, एक गुंठा घेतला आणि पगारातून विटा चढविल्या. अशा गुंठेवारीसाठी २००१ साली राज्याला वेगळा कायदा करावा लागला.

या गुंठ्यांवर तीन प्रकारच्या रेषा येऊन पडतात, आणि त्यांचे अर्थ सामान्य माणसाला नीट सांगितले जात नाहीत.

पहिली रेषा संरक्षण खात्याची. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचे बंधन आहे, म्हणजे सुमारे १,८२९ मीटर. तळवडे, रुपीनगर, निगडी या भागांतील हजारो कुटुंबे या रेड झोनच्या चर्चेत संसार करीत आली आहेत. या बंधनाचा कायदा १९०३ चा. त्यात अंतर मोजावयाचे ते कोठाराच्या बाहेरील तटाच्या माथ्यापासून, असे म्हटले आहे. म्हणजे सारा प्रश्न पुन्हा डेटमपाशी आला. आरंभबिंदू कोणता, आणि त्यापासून रेषा कोणत्या घराच्या कोणत्या भिंतीवरून जाते, हे सर्व्हे नंबरासह जाहीर असणे ही चैन नव्हे. त्यावर बँकेचे कर्ज, मुलीचे लग्न आणि म्हातारपण अवलंबून असते.

दुसरी आणि तिसरी रेषा पुराच्या. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधील पट्टा नियंत्रित. ही पुराची लाल रेषा आणि वर सांगितलेला रेड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

‘२५ वर्षांचा पूर’ म्हटले की लोकांना वाटते, एकदा येऊन गेला, आता २५ वर्षे निश्चिंत. हा घातक गैरसमज आहे. त्याचा अर्थ एवढाच की, तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव १०० पैकी ४ असतो. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीचा संभव कमी होत नाही. आता घरासाठी २५ वर्षांचे कर्ज घेतले आहे असे समजा. एका वर्षी पूर न येण्याचा संभव १०० पैकी ९६. सलग २५ वर्षे तो न येण्याचा संभव गुणाकाराने निघतो १०० पैकी ३६. म्हणजे कर्ज फिटण्यापूर्वी एकदा तरी पाणी घरात येण्याचा संभव १०० पैकी ६४! शंभर वर्षांच्या लाल रेषेवरही हाच आकडा १०० पैकी २२ निघतो. आठवी-नववीच्या मुलाला समजेल असे हे गणित आहे, पण प्लॉट विकणाराच्या पत्रकात ते मी कधी छापलेले पाहिले नाही.

२०२५ च्या मे महिन्यात चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम झाला होता. नदीच्या पात्रालगत बांधू नये, हा नियम योग्यच आहे. नदी आपली जागा विसरत नाही. परंतु बांधलेले घर पाडण्याइतके महाग शिक्षण दुसरे नाही, आणि ते देण्याची पाळी का येते, हे तपासले पाहिजे. पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावर असते. सर्व्हे नंबर भूमी अभिलेखाच्या नकाशावर असतो. प्लॉटची आखणी दलालाच्या कागदावर असते. घेणाऱ्याला त्यांतला तिसराच कागद दाखवितात.

हे तीन कागद एकावर एक ठेवणे हेच तर या शास्त्राचे काम! येथे दुसरे उद्दिष्ट, साधने बांधण्याचे, पुढे येते. सातबारा आज घरबसल्या पाहता येतो. त्याच पानावर पूररेषा, रेड झोन आणि विकास आराखड्यातील आरक्षण एकत्र, मराठीत आणि नोंदणीच्या आधी दिसावे, असे साधन बांधणे अभियंत्याला अशक्य नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि स्थलमाहिती तयार करण्यावरील पूर्वीची बंधने पुष्कळ सैल केली, आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. दार उघडले आहे. त्यातून आत कोण जाणार, कंपन्यांची मोटार की सामान्य माणसाची सायकल, हे अद्याप ठरायचे आहे. विद्यापीठाने सायकलवाल्याची बाजू घेतली पाहिजे, कारण मोटारवाल्याला ती घेणारे पुष्कळ आहेत.

नकाशात नसलेली माणसे

घराकडून आता कामाच्या जागेकडे वळू. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात आग लागली. दहाहून अधिक कामगार मेले, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या कारखान्याला लागणारे परवाने नव्हते, हे नंतर उघड झाले. रोजावर जाणाऱ्या त्या बायका स्फोटक पदार्थ हाताळीत होत्या, आणि त्या कारखान्याची जागा ज्यांच्या यादीत असायला हवी होती त्यांच्या यादीत ती नव्हती.

कामगार चळवळीत मी एक गोष्ट शिकलो. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याचा पगारही नाही आणि अपघाताची भरपाईही नाही. नकाशाचेही तसेच आहे. जो कारखाना नकाशावर नाही, तेथे निरीक्षक जात नाही आणि अग्निशामक दलाला रस्ता ठाऊक नसतो. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत मात्र त्याच्या खुणा विखुरलेल्या असतात. विजेच्या खात्यात वापर दिसतो, मिळकतकराच्या नोंदीत शेड दिसते, वरून घेतलेल्या चित्रात पत्र्याचे छप्पर दिसते. हे थर कारखाने निरीक्षकाच्या यादीवर ठेवून, यादीत नाही पण जमिनीवर आहे अशी ठिकाणे शोधणे, हा पदवीच्या विद्यार्थ्याला साजेसा अभ्यास आहे. तो आपल्या पट्ट्यात दरवर्षी व्हावा. मात्र त्या शोधाचा शेवट कामगाराच्या सुरक्षिततेत व्हावा. शेडवर बुलडोझर आला आणि आतल्या बायका दुसऱ्या गल्लीतल्या तसल्याच अंधाऱ्या शेडमध्ये गेल्या, तर नकाशाने काही साधले नाही.

नकाशावर असणे हे मात्र नेहमीच भाग्याचे असते असेही नाही. देशातील काही महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. मालाच्या गाड्यांत, घरपोच सामान देणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये तेच यंत्र आहे. ट्रक कोठे आहे हे मालाच्या धन्याला कळावे, याला कोणाची हरकत नाही. पण माणूस म्हणजे माल नव्हे. पाळी संपल्यावर तो कोठे गेला, युनियनच्या सभेला कोण कोण जमले, शौचालयात किती मिनिटे लागली, हेही त्याच ठिपक्यांवरून काढता येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे कलम पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही. जो विद्यार्थी हे यंत्र बांधणार, त्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय वर्गातच लागली पाहिजे : ठिपका कोणाचा, तो पाहणार कोण, आणि पुसणार केव्हा? माणसे तयार करण्याचे तिसरे उद्दिष्ट मी असे समजतो.

जमिनीवर चालणारा विद्यार्थी

संगणकासमोर बसून पृथ्वी पाहण्याची सवय लागली की एक धोका उद्भवतो. चित्रात दिसले तेवढेच खरे वाटू लागते. आपल्या चाकण-राजगुरुनगरच्या वर आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी पहाटे माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, ही बातमी बाहेर आणली ती एका एस.टी. चालकाने. तो नेहमीच्या फेरीला गेला, आणि जेथे घरे दिसायची तेथे चिखल दिसला. वर आकाशात उपग्रह फिरत होते, पण रोजच्या वाटेवर काय असते आणि आज काय नाही, हे त्या वाटेवर रोज जाणाराला कळले.

यावरून मी शास्त्राला कमी लेखतो असे समजू नये. उतार किती, माती कसली, पाऊस किती, झाडी कधी तुटली, हे थर एकत्र केल्यास कोणता डोंगर धोक्याचा हे आधीच सांगता येते, आणि ते काम शास्त्राशिवाय होणार नाही. म्हणणे इतकेच की शास्त्राने त्या चालकाला, गुराख्याला, पाणी सोडणाऱ्या पाणक्याला आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला आपला जाणकार मानावे. कोणत्या वळणावर कंटेनर अडतो, कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या चाळीत शिरते, कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, हे चाकणच्या फाट्यावर उभा असलेला हमालही सांगेल. विचारणारा मात्र हवा.

म्हणून अशा विभागाला पाच गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून काही आठवडे जमिनीवर पायी मोजणी करावी, आणि ज्यांची जागा मोजली त्यांना नकाशा दाखवून त्यांची हरकत लिहून घ्यावी. दुसरी, प्रत्येक नकाशावर चूक किती असू शकते ते ठळक छापावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तसे. तिसरी, लोकांसाठी केलेला नकाशा मराठीत असावा आणि सातवी शिकलेल्या बाईला वाचता यावा. चौथी, नकाशात काय घेतले याबरोबर काय घेतले नाही, हेही लिहावे. पाचवी, विभागाच्या सल्लागार मंडळात कारखानदार बसतात त्याच खुर्च्यांच्या रांगेत कामगारांचा आणि शेतकऱ्यांचा प्रतिनिधी बसावा. या पाच गोष्टींना मोठी इमारत लागत नाही की परदेशी यंत्र लागत नाही.

हे सर्व विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होणे बरे नव्हे. जमिनीच्या नोंदी सांभाळणारे जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. महापालिका आपल्या उंबऱ्याशी आहे. घर घेताना आपण मुहूर्त पाहतो, वास्तुशांतीला भटजी शोधतो. त्याच्या आधी एक दिवस खर्च करून त्या सर्व्हे नंबरावर कोणत्या रेषा आहेत हे लेखी विचारावे, आणि उत्तर लेखीच घ्यावे. युनियनांनी आपल्या सभासदांसाठी, सोसायट्यांनी आपल्या भागासाठी, शाळांनी आपल्या आवारासाठी एकेक नकाशा करावा : पाणी कोठून येते, आग लागली तर बाहेर कोठून पडायचे, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर. हा अभ्यास एका पावसाळ्यात होण्यासारखा आहे, आणि पुढे विद्यापीठाचा विद्यार्थी दाराशी आला तर त्याच्या हाती द्यायला आपल्याजवळही काही असेल.

जमिनीचे माप एकेकाळी साऱ्यासाठी घेतले गेले, पुढे कारखान्यांसाठी घेतले गेले. ते आता तेथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसासाठी घेतले जावे, एवढी या नव्या शास्त्राकडून आमची अपेक्षा आहे.  प्रश्न अवश्य विचारावेत.